गंगेकाठानं सलग चालत जाता येईल का? इथं नदीवर उतरायचे बोळच बंद व्हायलेत (नांदेड)

गंगथडीवाला:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहायलो, चहा घेऊन बसा.

आमचं जुनं घर नांदेडच्या जुन्या वस्तीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. घरामागून एक बोळ खाली गंगेला उतरायचा (आमच्या घरात गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच). बोळ केवढा, तर समोरून कुणी घागर घेऊन आलं की आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एवढा. खाली दगडी पायऱ्या, त्यातली तिसरी हलायची, आणि मग थेट पात्र. आजी कार्तिकात पहाटे तांब्या घेऊन याच बोळातून जायची आणि आम्ही पोरं झोपेत तिच्या मागं मागं. मागच्या महिन्यात लेकीला ती हलणारी पायरी दाखवावी म्हणून गेलो तर बोळाच्या तोंडाला हिरवा पत्रा आणि पत्र्याला कुलूप. पलीकडं विटांचा ढीग आणि एक गंजलेली लूना. शेजारच्यांना विचारलं तर म्हणले आता कोण जातंय हो खाली, घाणच हाय सगळी, रात्री दारुडे बसायचे म्हणून लावला. लेकीनं पत्र्याच्या भोकाला डोळा लावला आणि म्हणली, पाणी दिसायलंय की.

ते डोक्यात बसलं. मग एका रविवारी ठरवलं की नगीना घाटापासून काठाकाठानं जेवढं जाता येईल तेवढं जायचं, वर रस्त्यावर यायचंच नाही. घाटावर झकास वाटतं, २००८ ला गुरुता गद्दीच्या (गुरुग्रंथ साहिबांना गुरुपद दिल्याच्या) त्रिशताब्दीच्या वेळी जे काम झालं त्याचा आजही उपयोग आहे. पण घाट संपला की संपलं. पुढं भिंत, भिंतीच्या पुढं नाल्याचं तोंड, नाल्याच्या पुढं वेड्या बाभळी. परत वर या, ऑटो-टमटमच्या गर्दीतून चाला, पुढच्या घाटाला परत खाली उतरा. दीड तास चाललो, त्यात नदी वीस मिनिटं दिसली असेल, बाकी हॉर्न.

आता विचारायचं ते हे, की हा बोळ कुणाचा, त्याला पत्रा मारायचा हक्क कुणाला आहे का, आणि विष्णुपुरी धरणापासून जुन्या पुलापर्यंत सलग पायवाट मागायची म्हणलं तर मागायची कुणाकडं, महापालिका, पाटबंधारे का कलेक्टर? का हे सगळं मोठ्या शहरांचे चोचले आहेत आणि मी गप्प बसावं?

वैतागलेला_नांदेडकर:

नदीकाठी ट्रॅक मागायलास भावा, आमच्या कॉलनीत घरापासून किराणा दुकानापर्यंत ट्रॅक नाही. पावसाळ्यात आमच्या दारातूनच नदी जाते, ये चालायला.

फाळणी_टिपण:

थट्टा बाजूला ठेवू, प्रश्न चांगला आहे. मी भूमी अभिलेखमधून रिटायर झालेला माणूस, आयुष्य टिपणं आणि फाळण्या (जमीन मोजणीचे कागद) बघण्यात गेलं, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो, वैतागू नका.

बोळ कुणाचा हे शेजाऱ्याला विचारून कळत नाही, नकाशाला विचारायचं. गावठाणात सिटी सर्व्हे झालेला असेल तर त्या शीटवर दोन मिळकतींच्या मध्ये मोकळी पट्टी दिसते का बघा, आणि दोन्ही बाजूच्या प्रॉपर्टी कार्डावर ते क्षेत्र चढलंय का तेही बघा. नसेल चढलेलं तर ती कुणाच्या बापाची नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० वाचा, त्यात सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, नद्या, ओढे, नाले, तळी हे सगळं, दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध झालेली नसेल तर, सरकारचं. गल्ल्या आणि वाटा हे शब्द त्यातच आहेत, मी माझ्या मनानं घातलेले नाहीत. आणि महापालिका हद्दीतला सार्वजनिक रस्ता किंवा गल्ली अडवली असेल तर १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम २३१ आहे, त्याखाली आयुक्तांना असला अडथळा नोटीस न देता काढता येतो. काढतात का, ते सोडा. पण अर्जात कलम लिहिलं की टेबलावरचा माणूस एकदा चष्मा काढून बघतो एवढं अनुभवानं सांगतो.

शहराच्या बाहेर, म्हणजे विष्णुपुरीच्या अंगाला गेलात की गाव नकाशा मागवा. त्यावर दुहेरी तुटक रेघ असेल तर गाडीवाट, एकेरी तुटक रेघ असेल तर पायवाट. पायवाटेची रुंदी आमच्या खात्यात सव्वाआठ फूट धरतात. नदीला जाणाऱ्या असल्या एकेरी रेघा जुन्या नकाशांवर भरपूर असतात, गुरं पाण्याला न्यायची वाट, मळ्याची वाट, मसणवाट. आपण मराठवाडा, आपलं जुनं रेकॉर्ड निजामाच्या काळातलं, बरंचसं उर्दूत, त्यामुळं लोक सातबाऱ्याच्या मागं जातच नाहीत. १९५४ चं खासरा पत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद) तरी काढा. एकदा एका शिवारात मोजणीला गेलो होतो, तिथं वाट नव्हतीच असं शपथेवर सांगणारे चार जण उभे होते, आणि खासरा पत्रकाच्या शेऱ्यात सरळ लिहिलेलं, नदीकडे जाण्याची वाट. चौघंही पान थुंकायला बाजूला गेले.

एक गोष्ट मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडायची नाही. वाट मोडते ती आधी पायानं मोडते. लोक जायचे थांबले की पाच-दहा वर्षांत तिथं कुणीतरी विटा टाकतो, मग पत्रा, मग जिना. तुमच्या शेजाऱ्यानं जे सांगितलं ना, आता कोण जातंय, तेच त्यांचं कागदपत्र आहे.

कौठ्याचा_सरदार:

फाळणी काकांनी शेवटी लिहिलं त्यावर एवढंच सांगतो. आमच्या हजूर साहिबला (इथला गुरुद्वारा, शिखांचं तख्त) रोज घागरिया सिंघ गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतात, तख्ताच्या सेवेसाठी. रोज. पाऊस असो, थंडी असो. दिवाळीच्या वेळी तख्त स्नानाला तर सगळी संगत घागरी घेऊन नदीवर जाते. त्या वाटेवर पत्रा मारायची कुणाची टाप आहे सांगा. कायदा तर आहेच, पण तिथं रोज माणूस चालतो.

बाकी नगीना घाटाची गोष्ट पोरीला सांगितली का नाही? गुरू गोबिंदसिंघ महाराजांना कुणी मौल्यवान नगीना भेट दिला, त्यांनी तो नदीत टाकला, आणि देणारा हळहळला तेव्हा म्हणले जा, तुझा ओळखून काढून घे, तर त्याला पाण्यात सगळे नगीनेच दिसले. आज बघितलं तर प्लास्टिक दिसतंय, असो.

नकाशावेडी:

मी प्लॅनिंग शिकते (शेवटचं वर्ष), त्यामुळं हा धागा बघून झोप उडाली. दादा, तुम्ही चोचले म्हणालात ना, अजिबात नाहीत. उलट तुम्ही नकळत बरोबर जागी हात घातलाय. बहुतेक ठिकाणी लोक नदीकाठ म्हणलं की आधी प्रोमेनेड मागतात, रंगीत लाईट, सेल्फी पॉइंट, कारंजं. आणि मग तीनशे मीटरचा एक तुकडा होतो, दोन्ही टोकं बंद, गाडी लावून जायचं, फोटो काढायचे, परत यायचं. म्हणून माझं म्हणणं, आधी बोळ वाचवा. पाण्यापर्यंत उतरायच्या वाटा जिवंत असल्या तर काठाची वाट आज ना उद्या जोडता येते, पण वाटाच गेल्या तर काठावर सोन्याची फरशी घातली तरी तिथं जाणार कुठून.

अमेरिकेत सिएटल म्हणून शहर आहे, दोन बाजूंना पाणी. तिथं जे रस्ते सरळ जाऊन पाण्याला टेकतात आणि संपतात, ती सगळी टोकं त्यांनी मोजली, १४९ निघाली. आजूबाजूच्या बंगलेवाल्यांनी त्यावर कुंपणं घातली होती, बागा केल्या होत्या, कुणी पार्किंग केलं होतं. १९९६ मध्ये तिथल्या नगर परिषदेनं ठराव केला की ही टोकं लोकांची, जनतेनं पाण्यापर्यंत जायचं ही त्यांची मुख्य गरज, आणि ज्यांनी खाजगी वापरात घेतलीत त्यांच्याकडून भाडं घ्यायचं आणि ते पैसे टोकं सुधारायला लावायचे. एका टोकाला एक बाकडं, एक झाड, एक पाटी, बस. तुमचा बोळ म्हणजे तेच आहे हो, फक्त पाटी नाही.

दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीचं. १९६५ साली तिथं कायदा झाला तेव्हा अख्ख्या खाडीचा जेमतेम ४ मैल काठ लोकांना खुला होता, बाकी कारखाने, बंदरं, भराव. कायद्यानं असं केलं की काठावर काही बांधायचं तर परवानगीच्या अटीतच लोकांना जास्तीत जास्त वाट द्यायची. मग १९८९ मध्ये ५०० मैलांच्या सलग वाटेचा आराखडा केला आणि तुकड्या-तुकड्यानं जोडत गेले, आतापर्यंत ३५० मैलांच्या वर झालीय, अजून चाललंच आहे. एका बजेटमध्ये सगळं करून फीत कापायची असा हा प्रकारच नाही.

आपल्याकडं याचं जवळचं हत्यार म्हणजे २०२० ची युनिफाईड डीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचं लेआउट मंजुरीला आलं की १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. आता बिल्डर ती कुठं सोडतो? मागच्या कोपऱ्यात, हाय टेन्शनच्या तारेखाली. नदीकाठच्या लेआउटला महापालिकेनं सांगितलं की ही जागा नदीच्या बाजूला सोड आणि शेजारच्या लेआउटच्या जागेला चिकटून सोड, तर एक रुपया न घालता काठावर पट्टी तयार होत जाते. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कुणी मागत नाही.

डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) आरक्षण टाकून घ्यायचं असेल तर प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम २६ खाली हरकती-सूचना देता येतात, मुदत तीस दिवस. आणि आरक्षण पडलं म्हणून नाचू नका, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो, त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण रद्द. किती बागा अशा नकाशावरच वाळून गेल्यात.

वैतागलेला_नांदेडकर:

ताई सिएटलमधी विष्णुपुरीचे दरवाजे उघडत नाहीत हे लक्षात असू द्या. वरून जायकवाडीनं सोडलं, इकडून पूर्णा भरून आली की आमच्याकडं घाटच गायब होतो. तुमचं बाकडं थेट खालच्या बाभळी गावच्या बंधाऱ्यात सापडंल.

निळी_रेषा:

हा मुद्दा मात्र खरा आहे आणि याच्यावर बोललं पाहिजे. पाटबंधारेत कामाला होतो म्हणून माहीत आहे. नदीच्या दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथं बांधकाम नाही. पण डीसीपीआरनं तिथं काय चालतं तेही लिहिलंय, बाग, हिरवळ, मोकळी मैदानं, पार्किंग, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, मलनिस्सारणाची कामं. म्हणजे पायवाटेला निळा पट्टा अडचण नाही, उलट ती जागा त्याच्यासाठीच राहिलेली आहे. बंगला बांधता येत नाही म्हणूनच तर चालता येतंय.

फक्त वाट बुडणारी करायची. बुडणार हे धरूनच. आपले जुने घाट बघा, कितीदा बुडले, गेले का वाहून? घडीव दगड, उतार नदीकडं, कठडा नाही. आताचे इंजिनिअर (मी पण त्यातलाच) आधी स्टीलचं रेलिंग लावतात, मग पुरात त्याला जलपर्णी, ओंडके, कडबा अडकतो आणि रेलिंग मुळासकट मातीसुद्धा घेऊन जातं. दिव्याचे खांब, विजेचे डीपी बॉक्स, संडास हे वरच्या पातळीवर, खाली काही नाही. आणि दर दोनतीनशे मीटरला वर यायचा जिना पाहिजेच, कारण विसर्ग वाढवताना भोंगा वाजतो तेव्हा माणूस खाली असला तर त्यानं किलोमीटरभर मागं पळायचं का? इथं परत तुमचे बोळ आले बघा. बोळ हेच बाहेर पडायचे दरवाजे.

आणखी एक, पूर ओसरल्यावरचा गाळ. पायऱ्यांवर अर्धा फूट बसतो. ओला आहे तोवर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं ढकलला तर अर्ध्या दिवसात नदीत परत जातो. दोन ऊन खाल्लं की विटेसारखा होतो, मग फावडं, मग टेंडर, मग दिवाळी. म्हणजे वाट बांधायला किती हे विचारूच नका, दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात ती धुवायला कोण हे विचारा.

नाल्यांचं पण त्यातच करता येतं. गावाचे नाले नदीत पडायच्या आधी अडवून मोठ्या मलवाहिनीत घ्यायचे असतात, ती वाहिनी काठाकाठानंच जाते, आणि तिच्यावर चेंबर उघडायला, गाडी न्यायला पट्टी मोकळी ठेवावीच लागते. तीच पट्टी चालायला. साबरमतीला असंच भिंतीच्या बाजूनं वाहिन्या टाकून नाले अडवलेत.

पानचक्कीवाला:

संभाजीनगरहून रामराम. साबरमतीचं नाव निघालं म्हणून, मी चार वर्षं अहमदाबादला नोकरी केली. खालचा वॉकवे दोन्ही काठांना प्रत्येकी अकरा किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातली मला आवडलेली गोष्ट एकच, पूल आला तरी वाट तुटत नाही, पुलाच्या खालून जाते. तुम्ही जुन्या पुलाशी वर येऊन देगलूर नाक्याच्या ट्रॅफिकमधून पळता ना, तिथं ते नाही. सकाळी एका टोकाला सुरू करायचं आणि सिग्नल एक नाही.

बाकीचं मात्र डोळे झाकून उचलू नका. तिथलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून भरलेलं, दोन उभ्या काँक्रीटच्या भिंतीत नदी म्हणजे एक लांब हौद झालाय. उन्हाळ्यात दुपारी खालच्या वाटेवर उभं राहून दाखवा, सावली नावालाही नाही. काठावरच्या हजारो कुटुंबांना उठवून लांब नेऊन टाकलं तेव्हा ते झालं. आणि अटल पुलावर जायचं तर तिकीट.

आमच्या खाम नदीचं उदाहरण कदाचित तुम्हाला जास्त कामाचं. खाम म्हणजे लोकांच्या मनात गटारच होती. मग महापालिका, छावणी, संस्था, लोक सगळे मिळून आधी कचरा काढायच्या मागं लागले, मग काठाला देशी झाडं, मग लोखंडी पुलाजवळ बसायला-चालायला जागा झाली. खूप झालंय असं म्हणणार नाही, मध्ये मध्ये तुटलेलंच आहे. पण मलिक अंबरच्या या गावात पाणचक्की, महमूद दरवाजा, मकाई दरवाजा, बारापुल्ला सगळे त्या नदीवरच आहेत आणि आम्ही पन्नास वर्षं त्यांच्याकडं पाठ करून राहिलो, आता निदान पोरं खाली उतरून नदी कुठून येते ते विचारायलेत. हर्सूलकडून येते हे माझ्या शेजाऱ्याला चाळिसाव्या वर्षी कळलं.

सकाळची_चालणारी:

पुरुष मंडळींनी छान लिहिलंय. आता जरा माझं ऐका. मी साडेपाचला चालायला निघते. घाटावर मला कधीच भीती वाटत नाही, कारण तिथं कुणी ना कुणी असतंच, अंघोळ करणारे, दशक्रियेला आलेले, फुलं विकणाऱ्या बायका. भीती वाटते ती घाट संपून जिथं घरांच्या मागच्या भिंती सुरू होतात तिथं. शंभर पावलं गेलं की मागं वळून बघावं लागतं. एका बाजूला पाणी, एका बाजूला उंच भिंत, मध्ये तुमची ती सलग पायवाट, आणि बाहेर पडायला अर्धा किलोमीटर वाट नाही, याला मी वाट नाही, कोंडवाडा म्हणते. लाईट लावा म्हणतात सगळे, लाईटनं काय होतं, लाईटमध्ये मी दिसते, बाकी काय. चहाची टपरी लावू द्या, घरांना नदीकडं खिडक्या काढू द्या, भोई लोकांच्या होड्या-जाळी तिथंच असू द्या, ते पहाटे चारपासून जागे असतात.

आणि सुशोभीकरण आलं की पहिला फटका धुणं धुणाऱ्या बायकांना आणि दहाव्याच्या विधीवाल्यांना बसतो, फरशी घाण होते म्हणून. अहो नदी त्यांच्यासाठी आधी आहे, तुमच्या-माझ्या स्टेप काउंटसाठी नंतर.

अजून एक. सासऱ्यांना चालता येत नव्हतं, सासूबाईंच्या अस्थी सोडायला गोवर्धन घाटाकडं गेलो तेव्हा दोन भाच्यांनी खुर्चीसकट उचलून पायऱ्या उतरवल्या. ते काही बोलले नाहीत, पण खुर्चीचे हात घट्ट धरलेले मी बघितले. उतार करायचा नियम आहे ना, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे पंधरा फूट खाली उतरायचं तर एकशे ऐंशी फूट उतार, मध्ये थांबायच्या सपाट जागा वेगळ्या. प्रत्येक बोळात हे शक्य नाही, मला कळतं. पण चार-पाच घाटांवर तरी करा आणि पाटीवर लिहा कुठल्या घाटावर आहे ते, म्हणजे माणूस तिथंच जाईल.

बांधावरून:

मी शहराच्या वरच्या अंगाचा शेतकरी, केळी आहे, नदीवर मोटार आहे. तुमची विष्णुपुरीपासूनची पायवाट म्हणजे माझ्या बांधावरून जाणार, म्हणून बोलतो. मोटारीची केबल आतापर्यंत दोनदा चोरीला गेली. घड कापून नेतात ते वेगळंच. तुमच्या शहरातल्या लोकांना हिरवंगार बघून फोटो काढायला बरं वाटतं, उद्या वाट झाली की टू-व्हीलर घुसणार, रात्री पार्ट्या, बाटल्या फुटणार, त्या काचा माझ्या बैलाच्या खुरात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैल नदीवर न्यायचे तर आम्हालाच कुणी विचारायचं का, इथं वॉकिंग ट्रॅक आहे जनावरं आणू नका म्हणून?

आणि पाणी उतरलं की गाळपेर करतो आम्ही काही लोक, धरणाच्या बुडीत जमिनीत. तीपण काठावरच. ती जमीन सरकारची आहे हे कबूल, पण तिथून वाट नेली तर हंगाम कुणाचा गेला?

नकाशावेडी:

दादा, तुमचं सगळं रास्त आहे. खरं सांगू, वाट पाण्याला चिकटूनच गेली पाहिजे असा कुठं नियम नाही. त्या खाडीच्या वाटेचेही बरेच तुकडे पाण्यापासून लांब, रस्त्याच्या कडेनं जातात, जिथं बंदर आहे, पक्ष्यांची दलदल आहे तिथं वळसा घेतात. तुमच्या भागात जो गाडीरस्ता आहे त्याच्याच कडेनं न्यायची, आणि नदीला फक्त जिथं नकाशावर आधीपासून वाट आहे तिथं उतरायचं. सगळा काठ उघडायचा हट्ट चुकीचाच. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं उद्या कुणी काठाला सलग ट्रॅक मागितला तर मीच विरोध करीन. शेताला पण तेच लागू. टू-व्हीलरसाठी तोंडाला आडवे खांब लावतात, पण बैल जाईल आणि गाडी जाणार नाही असं अंतर काढायचं म्हणजे अवघडच काम आहे, हसू नका, मी खरंच विचार करायले.

बांधावरून:

बैल जातो तिथून बुलेट जाते ताई. खांबानं नाही व्हायचं. चिखल ठेवा मध्ये दहा फूट. बैलाला चालतो, बुलेटवाल्याला नाही.

निळी_रेषा:

चाळीस वर्षांच्या नोकरीत ऐकलेलं सगळ्यात स्वस्त डिझाईन.

गंगथडीवाला:

सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. मधल्या काळात काय झालं ते सांगतो.

फाळणी काकांनी सांगितलं तसं सिटी सर्व्हेत गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी सर्व्हर नाही, तिसऱ्या दिवशी शीट मिळाली. बोळ शीटवर आहे. दोन्ही बाजूच्या मिळकतींचे नंबर आहेत आणि मध्ये पट्टी कोरी, खाली नदीच्या रेघेला जाऊन टेकलेली. फोटो काढून घरी मोठ्या स्क्रीनवर बघितला तर पायऱ्यांच्या जागी बारीक आडव्या रेघा पण काढलेल्या. ज्या कुणी त्या काढल्या तो माणूस तिथं उभा राहिला असणार.

कलम २० आणि २३१ घालून अर्ज दिलाय, पोच घेतली. शेजाऱ्यांशी पण बोललो, भांडायला नाही. त्यांचा खरा त्रास रात्रीचा आहे आणि तो खोटा नाही. ते म्हणले पत्रा काढतो पण रात्री दहानंतर फाटक लावू द्या आणि खाली एक दिवा द्या. मला वाटतं हे मान्य करावं, वकील मित्र म्हणतो फाटक मान्य केलं की उद्या ते दिवसापण बंद राहील. इथं तुमचं मत पाहिजे.

सरदारजी आणि मी मिळून आमच्या भागातले नदीला जाणारे बोळ एका वहीत लिहून काढायलोत, नाव, रुंदी, उघडा का बंद, पायऱ्या किती, खाली काय आहे. काहींना नावंच नाहीत, तर लोकांनी सांगितलेली लिहितोय. एकाला सगळे हौदाचा बोळ म्हणतात, हौद कुणी बघितलेला नाही.

फाळणी_टिपण:

फाटकाला हरकत नाही पण कुलूप आणि किल्ली महापालिकेची असं लेखी घ्या, आणि उघडायची-लावायची वेळ फाटकावर रंगवून घ्या. किल्ली ज्याच्या खिशात, बोळ त्याचा. वहीत प्रत्येक बोळाच्या पुढं दोन जुन्या माणसांची नावं आणि वय लिहा, जे म्हणतील आम्ही इथून जायचो. ऐंशीच्या पुढचे असतील तर आधी त्यांच्याकडं जा.

सकाळची_चालणारी:

वही करायला मी येते, आणि आमच्या ग्रुपमधल्या तिघी येतात. आणि दिवा भिंतीवर लावा, खांबावर नको, खांबाखालीच बसतात ते.

वैतागलेला_नांदेडकर:

कधी निघायलाव? मी पण येतो, कॉलनीत तसं पण चालायला जागा नाही.

गंगथडीवाला:

रविवारी सहा वाजता, नगीना घाट. चप्पल घालून येऊ नको, नाल्याच्या पुढं बाभळीचे काटे आहेत.